मैदानाची माती आणि डांबराची गोळी

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



दिवाळीच्या सुटीनंतर आठवीचा एक तास आमच्याकडे आला. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या. पदार्थाच्या अवस्था शिकवायच्या होत्या, म्हणून आम्ही भांडारातली एक डांबराची गोळी खिशात घालून वर्गात गेलो. घरी आपण तिला डांबराची गोळी म्हणतो, इंदुरात दुकानदाराकडे मागताना फिनाइलची गोळी म्हणतो. पुस्तकातले नाव नॅफ्थॅलीन. घन पदार्थ द्रव न होता सरळ वायू कसा होतो हे सांगून आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'ऊर्ध्वपातन'. मागच्या बाकावरून हात वर आला. गेल्या वर्षी जळगावहून वडिलांच्या बदलीमुळे आपल्याकडे आलेली मुलगी. म्हणाली, "सर, ऊर्ध्वपातन म्हणजे पाणी उकळून वाफ थंड करायची ना? हे तर संप्लवन आहे." मुलीचे बरोबर होते. आमची बी.एससी. हिंदी माध्यमातून झाली. हिंदीत ज्याला ऊर्ध्वपातन म्हणतात त्याला मराठी पुस्तकात संप्लवन म्हणतात, आणि मराठीतले ऊर्ध्वपातन हिंदीत आसवन होते. इतकी वर्षे शिकवूनही हात जुन्या वळणावर जातो. आम्ही फळा पुसला, वर्ग मनापासून हसला.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. "गोळी उडून जाते, पण जाते कुठे? सगळ्यांच्या घरी इतक्या गोळ्या असतात, मग सगळीकडे तोच वास का येत नाही?" आम्ही हवेबद्दल काहीतरी सांगितले आणि घंटा झाली. उत्तर अर्धेच राहिले. त्याच आठवड्यात मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला. मुलीचे उरलेले उत्तर आणि त्या प्रस्तावावरचे आमचे मत यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे, म्हणून दोन्ही येथे एकत्र लिहितो. लेख थोडा लांबला आहे. लहान वर्गांतल्या मुलांना पालकांनी वाचून दाखवावा.

आधी गोळीचे. नॅफ्थॅलीन पूर्वी दगडी कोळशाच्या डांबरातून काढत, म्हणून आपल्या भाषेतले नाव अगदी योग्य आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. कार्बनचे अणू एकमेकांना चिकटलेल्या दोन षटकोनी वलयांत बसलेले असतात. असे वलय असलेल्या पदार्थांना ॲरोमॅटिक संयुगे म्हणतात. आम्हाला कॉलेजात 'ऐरोमैटिक यौगिक' शिकवले तेव्हा ही सगळी सुवासिक असतील असेच वाटले होते. सुरुवातीला सापडलेल्यांपैकी काहींना वास होता म्हणून नाव पडले एवढेच. बेंझीन, टोल्यूइन, फिनॉल ही याच कुळातली. डिझेलमध्ये ही असतात, आणि व्हॅनच्या इंजिनातून ठिबकणाऱ्या काळ्या तेलातही असतात.

या वलयाची ख्याती अशी की ते सहजासहजी तुटत नाही. १८६५ साली केकुले यांनी बेंझीनचे वलय मांडले, तेव्हापासून रसायनशास्त्राचे विद्यार्थी त्याच्या चिवटपणाची कारणे पाठ करत आले आहेत. वलयातले काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतात, ते सगळ्या वलयाच्या सामाईक मालकीचे असतात, आणि त्यामुळे वलय शांत, स्थिर राहते. सांधा नसलेली बांगडी जशी कुठून उघडावी ते कळत नाही, तसे हे आहे.

मग गोळी जाते कुठे? काही भाग हवेत जातो आणि तेथे सूर्यप्रकाशामुळे तयार होणाऱ्या क्रियाशील कणांशी गाठ पडून साधारण दिवसभरात मोडतो. जो भाग मातीत आणि पाण्यात उतरतो त्याला जीवाणू खातात. खातात हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत. आपण पोळी खातो तसेच. त्यातला कार्बन ते अंगी लावतात आणि उरलेला कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने सोडून देतात. यातल्या एका प्रसिद्ध जीवाणूचे नाव स्यूडोमोनास पुटिडा. मातीत सर्वत्र राहणारा, डोळ्यांना न दिसणारा. त्याच्याच एका भारतीय वाणाबद्दल आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेने २००६ साली एक गमतीची गोष्ट प्रसिद्ध केली. ग्लुकोज आणि ॲरोमॅटिक संयुग दोन्ही समोर ठेवले तर बहुतेक जीवाणू आधी ग्लुकोज संपवतात. हा पठ्ठ्या आधी ॲरोमॅटिक संयुग संपवतो, ग्लुकोजकडे नंतर वळतो. जिलेबी बाजूला सारून आधी कारल्याची भाजी संपवणारे मूल आम्ही अजून पाहिलेले नाही.

सांधा नसलेली ही बांगडी तो उघडतो कशी? त्यासाठी त्याच्याकडे विकर असते. विकर म्हणजे एंझाइम. तोंडातल्या लाळेत पिष्ट पदार्थ फोडणारे असते तसलेच, काम मात्र वेगळे. नॅफ्थॅलीनवर पहिला घाव घालणाऱ्या विकराचे नाव नॅफ्थॅलीन डायऑक्सिजनेज. नाव अवघड वाटले तरी फोडून पाहिले की सोपे आहे: डाय म्हणजे दोन, आणि ऑक्सिजन तर ओळखीचाच. हे विकर हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू घेते आणि त्याचे दोन्ही अणू वलयातल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनना, एकाच बाजूने, जोडून टाकते. बांगडीला दोन खाचा पडल्या. मग दुसरी विकरे पुढे येतात आणि पायरी पायरीने वलय उघडतात. वाटेत सॅलिसिलिक आम्लाचा क्षार तयार होतो. ॲस्पिरिनची गोळी ज्या आम्लापासून बनते तेच हे सॅलिसिलिक आम्ल. त्यापुढे कॅटेकॉल, आणि कॅटेकॉलचेही वलय फुटले की उरलेले तुकडे जीवाणूच्या नेहमीच्या स्वयंपाकघरात जातात.

या विकराच्या पोटात लोह असते. लोहाजवळ इलेक्ट्रॉन पोचवायला दोन मदतनीस प्रथिने असतात. नळाला पाणी आले की आपण ओळीने उभे राहून हातोहात घागरी पुढे देतो, तसे ते इलेक्ट्रॉन पुढे देतात. १९९८ साली स्वीडनमधल्या उप्साला येथे या विकराची पूर्ण आकृती उलगडली. त्या गटात एस. रामस्वामी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. आकृती निघाली कुत्र्याच्या छत्रीसारखी, वर टोपी आणि खाली देठ.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. १९८३ साली अमेरिकेत याच विकराच्या जनुकांचा तुकडा ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूत घातला, तर त्याच्या वसाहती निळ्या पडल्या. ई. कोलाय स्वतः इंडोल नावाचे संयुग तयार करतो. विकराने त्यालाही ऑक्सिजन चिकटवला, पुढचे काम हवेने केले, आणि तयार झाली नीळ. आपल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या जुलमाखाली जिची शेती केली तीच नीळ. डांबराची गोळी खाणाऱ्या विकराने नीळ करावी हे वाचून आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगितले तिच्याकडे येतो. ऑक्सिजन.

आमच्या कॉलेजच्या वह्यांत ऑक्सिडीकरणाची व्याख्या होती, हायड्रोजन काढून घेणे. सजीवांच्या शरीरातल्या ऑक्सिडीकरणाबद्दल तर जर्मनीच्या हाइनरिश वीलांट यांचे मत कित्येक वर्षे शिरोधार्य मानले जात होते. त्यांना रसायनशास्त्राचे १९२७ चे नोबेल मिळाले होते. त्या मताप्रमाणे श्वासातला ऑक्सिजन अन्नाला चिकटत नाही, तो फक्त हायड्रोजन उचलून त्याचे पाणी करतो. पदार्थात ऑक्सिजनची भर पडलेली दिसली तर ती पाण्यातून आलेली समजायची. हे मत पुष्कळ ठिकाणी बरोबरही आहे. पण सर्व ठिकाणी नाही, हे सिद्ध केले ओसामु हायाइशी यांनी, आणि त्याची सुरुवात मातीतून झाली.

हायाइशी १९२० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात जन्मले, शिकले जपानमध्ये ओसाकाला, डॉक्टर झाले, युद्धात नौदलात वैद्यकीय अधिकारी होते. युद्ध संपल्यावर ओसाकाच्या प्रयोगशाळेत परतले तेव्हा तेथे जवळजवळ काहीच नव्हते. देश उद्ध्वस्त झालेला, रसायने नाहीत, उपकरणे नाहीत. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यांना थोडेसे ट्रिप्टोफॅन दिले. ट्रिप्टोफॅन हे वलय असलेले अमिनो आम्ल. एवढ्या सामग्रीत करायचे काय? हायाइशींनी ते मातीबरोबर ठेवले आणि वाट पाहिली. मातीतल्या असंख्य जीवाणूंपैकी ज्यांना ट्रिप्टोफॅन खाता येते ते वाढले. त्यांच्यापासून कॅटेकॉलचे वलय फोडणारे विकर मिळाले. १९५० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याला त्या वेळी पायरोकॅटेकेज म्हणत. हे विकर काम करताना ऑक्सिजन वापरत होते हे उघड दिसत होते, पण तो जातो कुठे हे जुन्या मताने सांगता येत नव्हते.

पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९५५ साली दोन सहकाऱ्यांसह निर्णायक प्रयोग केला. ऑक्सिजनचा एक जड प्रकार असतो, वजन १८ चा, साध्याचे १६. तो वापरला की कोणता अणू कुठून आला याचा माग काढता येतो, गुरांच्या शिंगांना रंग लावतात तसा. एकदा हवेतला ऑक्सिजन जड घेतला, एकदा पाण्यातला. तयार झालेल्या पदार्थात जड अणू सापडले ते हवा जड होती तेव्हा, आणि दोन्हीच्या दोन्ही. म्हणजे विकराने हवेतला ऑक्सिजन थेट वलयाला चिकटवला होता. अशा विकरांना हायाइशींनी ऑक्सिजनेज हे नाव दिले. पुढे अशी विकरे आपल्या यकृतापासून झाडापानांपर्यंत सगळीकडे सापडली. हायाइशी २०१५ साली वारले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. आमच्या पदवीच्या पुस्तकात त्यांचे नाव नव्हते. आम्ही ते पन्नाशीत वाचले.

तर आठवीतल्या त्या मुलीला उरलेले उत्तर असे: गोळी मातीत जाते, आणि माती ती खाते, पण मातीला हवा मिळाली तर. हवा नसेल तर डायऑक्सिजनेजला काम करताच येत नाही. ऑक्सिजन हा त्याचा कच्चा मालच आहे. हवेशिवाय वलय तोडणारे दुसरे जीवाणू निसर्गात आहेत, पण त्यांची वाट वेगळी आणि बहुधा फार संथ.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून अलास्काचे उदाहरण देतो. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज तेथल्या खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. शेकडो किलोमीटर किनारा काळा झाला. तो स्वच्छ करताना एक उपाय असा केला की किनाऱ्यावर नायट्रोजन-फॉस्फरसचे खत टाकले. बाहेरून जीवाणू आणून सोडण्यावर भर नव्हता. तेल खाणारे तेथे आधीच होते, त्यांना फक्त खुराक कमी पडत होता. (तेल खाणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडवून त्याचे पेटंट मागणारे आपले आनंद मोहन चक्रवर्ती विद्यार्थ्यांना माहीत असावेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो विषय वेगळा आहे, पुढे कधीतरी लिहू.) वरच्या थरातले तेल बरेचसे गेले. पण वीस वर्षांनंतरही काही किनाऱ्यांवर खणले की काही इंचांखाली काळे तेल मिळत होते. का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुफाडेल आणि ली यांनी कारण दाखवले. वरचा थर मोकळा, त्यातून पाणी खेळते. खालचा थर घट्ट, तेथे ऑक्सिजन आणि क्षार पोचत नाहीत. तेल तेच, किनारा तोच. पण घट्ट थरात खाणाऱ्यांचा श्वास कोंडला, म्हणून तेल जसेच्या तसे राहिले.

आता आपले मैदान.

प्रस्ताव असा आहे की फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, दोन्ही कडुलिंबांच्या बुंध्यापर्यंत, संपूर्ण मैदानावर सिमेंटचा थर देऊन पेव्हर ब्लॉक बसवावेत. आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ सर्व खर्च देऊ केला आहे. त्या कुटुंबाबद्दल आमच्या मनात कृतज्ञता आहे. पैसे देणारे हात कमी आणि सल्ले देणारी तोंडे जास्त, हा अनुभव संस्था चालवणाऱ्या सर्वांना आहे. आम्ही तर पगारी माणूस. सल्ला देण्यापलीकडे आमच्या हाती काही नाही. तरीही सांगतो की संपूर्ण मैदान झाकू नये.

प्रस्तावामागची कारणे आम्हाला मान्य आहेत. पावसाळ्यात चिखल होतो. मुले बुटांसकट वर्गात येतात आणि आमच्या शिपाईकाकांची कंबर मोडते. उन्हाळ्यात धूळ उडते, दमा असलेल्या मुलांना तिचा त्रास होतो. गेल्या ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्याच्या आजी फाटकाशी घसरल्या. त्यांचा हात बरा झाला, पण आमच्या मनातून ते गेलेले नाही. पाचवीतला एक मुलगा चाकांच्या खुर्चीतून येतो, त्याची खुर्ची जुलैत रुतते. या गोष्टींपुढे जीवाणूंची कहाणी सांगणे कोणाला चैन वाटेल, हे आम्ही समजतो.

आणखी एक कारण कोणी बोलून दाखवत नाही. २०१७ साली आपले इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, आणि तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र बसले आहे की स्वच्छ जागा म्हणजे जेथे माती दिसत नाही ती. शहराचा अभिमान आम्हालाही आहे. कचरा वेगळा करण्याची शिस्त आपल्या मुलांनी घराघरांत नेली. पण माती म्हणजे कचरा नव्हे. एवढ्या शहराची राळ जिरवायचे काम ती करत असते.

आमच्या हातून झालेली चूकही येथे नोंदवतो. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेमागचे अंगण आम्हीच आग्रह धरून काँक्रीट करून घेतले. जनरेटर तेथे असतो. आज तेथे जाऊन पाहा. तीन वर्षांत ठिबकलेल्या तेलाचे काळे डाग आहेत तसे आहेत, आणि पाऊस आला की त्यांच्यावरून इंद्रधनुष्यासारखी साय वाहत नालीत जाते. नालीतून नाल्यात, नाल्यातून कान्ह नदीत. जनरेटर पूर्वी कुंपणापाशी मातीवर असे. तेथे एकदा चांगले दोन लिटर डिझेल सांडले होते. गवत जळाले, महिनाभर वास येत होता. दुसऱ्या पावसाळ्यात तेथे पुन्हा गवत होते. याला कोणी प्रयोग म्हणू नये. आम्ही मोजमाप केलेले नाही, काही डिझेल उडून गेले असेल, काही खाली मुरले असेल. पण एवढी वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ते पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही, ही खंत आहे.

आपली माळव्याची काळी माती तशीही ब्लॉकची मैत्रीण नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको. खाली पुरेसा मुरूम न भरता ब्लॉक बसवले की ते वरखाली होतात आणि त्या उंचसखल कडांवर मुले अडखळतात. शेजारच्या कितीतरी आवारांत आपण हे पाहतो. त्याच भेगांतून मात्र हवा खोलवर शिरते, आणि ज्या विकराची गोष्ट आम्ही वर सांगितली त्याला तीच हवी असते. वर सिमेंटचा थर टाकला की वरून हवा बंद, पाणी बंद, पाचोळा बंद. कडुलिंबांची मुळेही त्याच हवेवर जगतात.

कोणी विचारील, मग तेल सांडू द्यायचे का, जीवाणू आहेतच खायला? मुळीच नाही. जीवाणूंची भूक अमर्याद नाही. दोन-तीन वलयांची संयुगे ते बऱ्यापैकी लवकर मोडतात. चार-पाच वलये एकत्र असली की फार रेंगाळतात, आणि जळलेल्या इंजिन तेलात अशीही असतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण होणारी आहेत. नॅफ्थॅलीनसुद्धा आपण समजतो तितके निरुपद्रवी नाही. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला संभाव्य कर्करोगकारक गटात घातले. आणि काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर कमी असते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी वापरली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. घरात तान्हे मूल असेल तर पेटीतले कपडे काढल्याबरोबर अंगावर घालू नयेत, धुऊन उन्हात वाळवावेत, आणि गोळी तर मुलाच्या हाती लागूच देऊ नये. शाळेच्या स्वच्छतागृहांतून आम्ही त्या या महिन्यापासून काढून टाकल्या आहेत. वास लपवण्यापेक्षा पाणी दोनदा मारणे बरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. फाटकापासून जिन्यापर्यंत सहा फूट रुंदीची पक्की, सपाट वाट जरूर करावी, चाकांच्या खुर्चीसाठी उतारासह. प्रार्थनेच्या जागेवरही ब्लॉक बसवावेत, पण सिमेंटच्या थरावर न बसवता वाळूवर, फटी मोकळ्या ठेवून. व्हॅन आणि रिक्षा आता कडुलिंबाखाली उभ्या राहतात, त्या रस्त्याच्या बाजूला गिट्टीवर उभ्या कराव्यात आणि गळणाऱ्या गाडीखाली चालकाने भुसा भरलेला पत्र्याचा ट्रे ठेवावा. ज्याची गाडी रोज गळते त्याने ती दुरुस्त करावी. उरलेले मैदान, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त, माती राहू द्यावे. चिखलासाठी उतार नीट करून कडेने चर खणावा. धुळीसाठी कडेला दूर्वा लावाव्यात आणि बागेतल्या पाचोळ्याचे खत त्यावर टाकावे. देणगीदार कुटुंबाच्या वडिलांच्या नावाची पाटी वाटेच्या आरंभी लावता येईल. ते स्वतः याच मैदानावर कबड्डी खेळत, असे जुन्या लोकांकडून आम्ही ऐकले आहे. खर्चातून जे वाचेल त्यात प्रयोगशाळेसाठी दोन चांगले सूक्ष्मदर्शक येतील. कुटुंबाशी आम्ही स्वतः बोलायला तयार आहोत, विश्वस्तांनी परवानगी दिली तर.

हे सगळे ऐकून एक विश्वस्त, जे आम्हाला वडीलधारे आहेत, म्हणाले, "प्राचार्यजी, तुम्ही तर मातीचेच वकील झालात." आम्ही हसून म्हटले, "काका, तिच्या बाजूने बोलायला दुसरे कोणी नव्हते." ते म्हणाले, विचार करू. या शब्दांचे अर्थ दोन असतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण त्यांचा स्वभाव पाहता ते खरोखर विचार करतील असे वाटते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम देत आहोत. मैदानातली आणि काँक्रीटच्या कडेची अशी दोन ठिकाणची ओली माती बाईंच्या देखरेखीखाली काचेच्या दोन बरण्यांत भरायची, प्रत्येकीत चुन्याच्या निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावायचे. कोणती निवळी आधी पांढुरकी होते ते पाहायचे. मातीतले जीव श्वासोच्छ्वास करून कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, तो निवळीत दिसतो. तिसऱ्या बरणीत तव्यावर खूप भाजून गार केलेली माती पाणी शिंपडून ठेवा, म्हणजे तुलना होईल. कोणते विकर कोणते काम करते हे यावरून कळणार नाही, पण माती जिवंत आहे की नाही हे कळेल. निकाल आधी काय येईल ते आम्ही सांगत नाही. जो येईल तो वहीत तसाच लिहावा, आमच्या मताच्या विरुद्ध गेला तरी.

विश्वस्तांची सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० वाजता शाळेच्या सभागृहात आहे. पालक-शिक्षक संघाचे दोन प्रतिनिधी तीत बसतील. ज्या पालकांना मैदानाबद्दल काही सांगायचे असेल, अनुकूल किंवा प्रतिकूल, त्यांनी चार ओळी लिहून मुलांच्या डायरीतून कार्यालयात पाठवाव्यात. मराठी, हिंदी कोणत्याही भाषेत चालेल. आलेली सर्व पत्रे आम्ही सभेपुढे ठेवू. बरण्याही ठेवू.

आपला,
प्राचार्य